दुसऱ्या शाखेचं उद्घाटन

(दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल. त्यावर मुलाचा लॅपटॉप, चित्र चालू, आवाज बंद. बाबा मटार सोलताहेत.)

आई : थांब, थांब. मला परत सांग. हे दोघं मावसभाऊ नाहीत?

मुलगा : नाहीत.

आई : कधीपासून नाहीत?

मुलगा : पहिल्यापासूनच नव्हते.

आई : पहिल्यापासून नव्हते म्हणजे? मग मी रोज दुपारी भांडी तशीच टाकून टीव्हीसमोर बसते, ते काय डोळे मिटून? पहिल्याच भागात तो डॉक्टर बॅग घेऊन बेकरीच्या दारात उभा राहतो आणि बेकरीवाला म्हणतो, 'अरे, तू माझा मावसभाऊ ना? मावशीने कळवलं होतं.' माझ्या कानांनी ऐकलंय.

मुलगा : ते मी लिहिलं होतं, आई.

आई : तू लिहिलंस म्हणजे तो म्हणालाच ना.

मुलगा : तो त्याच्या भाषेत म्हणाला. परदेशी मालिका आहे ती. त्याच्या भाषेत तो म्हणतो, 'खरंच आलास. मला वाटलं नव्हतं येशील.' बास. मावशीबिवशी काही नाही. मावशी मी घातली.

बाबा : मावशी कधी दिसलीही नाही.

आई : आजारी होती ना ती.

मुलगा : तेही मीच लिहिलं.

आई : अरे, पण मी वाईट वाटून घेतलं तिच्यासाठी. खालच्या शिंपीणबाई तर परवा विचारत होत्या, मावशीचं ऑपरेशन झालं का म्हणून.

बाबा : मग, झालं का?

मुलगा : बाबा, मावशीच नाहीये.

आई : पण का? चांगली सरळ चाललेली मालिका, तू कशाला मध्ये मावशी घुसवायची?

मुलगा : चॅनलच्या बाईंनी सांगितलं. मालिका विकत घेताना त्यांना बेकरी आवडली, समुद्र आवडला, ते उताराचे रस्ते आवडले. मग ऑफिसातल्या कुणीतरी ती शेवटपर्यंत बघितली. तोवर व्यवहार होऊन गेला होता. मला बोलावलं आणि म्हणाल्या, तुम्ही आपल्या भाषेत संवाद लिहिणार ना, मग त्या दोघांचं काहीतरी नातं बसवा. सगळ्या घराने मिळून बघता येईल असं.

आई : सगळं घर मिळूनच बघत होतो की आम्ही. म्हणजे आता त्यांचं नातं काय आहे?

मुलगा : तूच सांग. तू रोज बघतेस.

आई : मला कोड्यात घालू नकोस. अहो, तुम्हाला कळतंय का हा काय म्हणतोय ते?

बाबा : मला केव्हाच कळलं होतं.

आई : काय कळलं होतं?

बाबा : तो डॉक्टर तापाने पडतो बघ. तेव्हा बेकरीवाला दुकान बंद ठेवतो. भट्टी विझवून नुसता त्याच्या उशाशी बसून राहतो. मावसभावासाठी कोणी चालू धंदा बंद ठेवत नाही.

आई : आणि मला सांगितलं नाहीत?

बाबा : मला वाटलं, तुला माहीत आहे.

आई : मला माहीत असतं तर शिंपीणबाईंना शेजारी बसवून बघितलं असतं का मी? त्यांचा टीव्ही बिघडल्यापासून त्या दुकानाला कुलूप लावून इथे येतात, काजं-बटणं घेऊन. त्यांची दोन पोरं एकमेकांचं तोंड बघत नाहीत, तर त्यांना उदाहरण देतात या दोघांचं. 'बघा, सख्खे नाहीत तरी कसे जीव लावून राहतात.' धाकट्याला तर धरून आणून बसवलं होतं एकदा.

मुलगा : मग?

आई : मग काय, त्याने गप्प बसून अख्खा भाग बघितला. उठताना म्हणाला, आई, मला दादाबरोबर असं नाही राहायचं.

बाबा : पोरगा हुशार आहे.

आई : तुम्ही मटार सोला. म्हणून ते दोघं जरा जवळ आले की जाहिरात लागायची होय? मला वाटायचं आपलं नशीबच तसलं, रंगात आलं की साबण.

मुलगा : आई, ते सोड. मला संध्याकाळपर्यंत शेवटचा भाग द्यायचाय. चष्मा लाव आणि बस इथे. तू मोठ्याने म्हणून दाखवलंस की मला कळतं कुठे अडतंय. एरवी म्हणतेस ना तसं. त्यांची तोंडं बघत बघत.

आई : एरवी मी बेकरीवाल्याचं म्हणते आणि दाढीवाला डॉक्टरचं म्हणतो. त्याचाच आवाज आहे डॉक्टरला, त्याने म्हणायला नको? कुठाय तो? एका घरात राहता, एका स्टुडिओत काम करता, एका गाडीने येता. आज एकटाच कसा आलास?

मुलगा : नाही आला वर.

आई : कालही नाही आला. माझे डोळ्यांचे थेंब राहिलेत कालपासून. मी घातले तर गालावरच पडतात. अहो, तुम्ही काही बोललात का त्याला? दर वेळी तो दारात आला की 'उशीर केलास' म्हणता. बिचारा वेळेवर आला तरी.

बाबा : सवय आहे. डेपोत बस वेळेवर आली तरी आम्ही म्हणायचो. ड्रायव्हर सैल पडत नाही. आणि त्याला ते समजतं. हसतो तो.

मुलगा : बाबांचं काही नाही. आई, हे बघ. इथे डॉक्टर उभा राहतो. सगळे लोक जमलेत. आता तू त्याचं वाक्य म्हण.

आई : कुठून? हां. 'आज या मंगल दिवशी आपल्या बेकरीच्या दुसऱ्या शाखेचं उद्घाटन करताना मला अत्यंत आनंद होत आहे.' अरे, याचं तोंड बंद झालं आणि माझं अजून चालूच आहे.

मुलगा : हो, लांब झालंय. 'मंगल' काढतो. पुढे बघ.

आई : दुसरी शाखा काढली का त्यांनी? बरं झालं. कुठे?

मुलगा : तिथेच. समुद्राजवळ.

आई : पण ही समोरची बाई का रडतेय? शाखा उघडली म्हणून?

मुलगा : तिने... तिने मदत केलीये दुकानाला.

बाबा : रडतात लोक. आमच्या नव्या डेपोची फीत कापताना मोठे साहेब रडले होते.

आई : ते त्यांची बदली झाली होती म्हणून. आता हे काय? हा त्याच्या बोटात अंगठी घालतोय.

मुलगा : आठवण म्हणून. शाखेची.

आई : आणि तोही याच्या बोटात घालतोय.

मुलगा : तीही शाखेचीच.

आई : अंगठ्या घालून शाखा उघडतात?

बाबा : आम्ही नुसती फीत कापली होती.

आई : ठोंब्या, इकडे बघ माझ्याकडे. फुलं आहेत, नवे कपडे आहेत, अंगठ्या आहेत, बाई रडतेय. लग्न आहे हे.

मुलगा : हो.

आई : त्या दोघांचं?

मुलगा : हो.

आई : दोघंही पुरुष आहेत.

मुलगा : हो, आई.

आई : म्हणजे ते... तसे आहेत?

मुलगा : समलिंगी आहेत. असा शब्द आहे. पेपरात येतो.

आई : पेपरात येतो ते मला माहितेय. टीव्हीवरही येतात तसे लोक. ते विनोदी कार्यक्रमात नाही का, ओठ रंगवून, हात असे असे करत, सगळ्यांच्या अंगावर पडत बोलतात. पण हा डॉक्टर कुठे तसं करतो? हा तर किती नीट बसतो, नीट बोलतो. शिंपीणबाई म्हणतात, जावई मिळावा तर असा.

मुलगा : तसे ते फक्त विनोदी कार्यक्रमातच असतात, आई.

आई : मला तर वाटायचं, तिथेच असतात.

मुलगा : माहितेय. तुम्ही दोघं खूप हसायचात ते लागलं की. मी मध्ये बसलेलो असायचो सोफ्यावर. मीही हसायचो तुमच्याबरोबर.

आई : तू कशाला... बरं. म्हणजे मला आता एवढंच सांग, या दाढीवाल्याला कशाचा राग आला? तो का नाही आला?

मुलगा : त्याने हे शाखेचं वाक्य बोलायला नकार दिला. काल स्टुडिओत आत काचेमागे उभा राहिला, कागद बघितला, हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, हे मी नाही बोलणार.

आई : त्याला काय त्याचं? त्याचं काम बोलायचं. इतके महिने मावसभाऊ म्हणून बोललाच की.

मुलगा : बोलला. स्टुडिओतही बोलला आणि इथे येऊनही बोलला.

आई : इथे त्याला कोण बोलायला लावतं?

मुलगा : शिंपीणबाईंना तू काय सांगितलंयस, तो कोण म्हणून?

आई : काय सांगणार? ते आपलं... तेव्हाचं.

मुलगा : काय सांगितलंस?

आई : डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाची गोष्ट. तुझं कसलं तरी काम निघालं, तूच त्याला पाठवत होतास सकाळ-संध्याकाळ थेंब घालायला. शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, रोज येतो हा मुलगा, कोण तुमचा? मला पटकन काही सुचेना. तोंडातून निघून गेलं, बहिणीचा मुलगा म्हणून.

बाबा : तुझ्या बहिणीला दोन्ही मुलीच आहेत.

आई : शिंपीणबाईंना कुठे माहितेय ते.

मुलगा : मुलाचा मित्र म्हणायचं होतंस.

आई : म्हणणारच होते. पण मग त्यांनी विचारलं असतं, मित्र एवढं का करतो? सकाळी उठून, गाव ओलांडून, मित्राच्या आईच्या डोळ्यात थेंब घालायला कोण येतं? त्याचं मला काही उत्तर देता आलं नसतं.

मुलगा : म्हणजे तेव्हा तुला माहीत होतं.

आई : काय माहीत होतं?

मुलगा : तो कोण ते.

आई : नाही. मला कुणी काही सांगितलंच नाही तर माहीत कसं असेल? नव्हतं माहीत. म्हणजे... मला काय माहीत होतं तेच मला माहीत नाही. तू मला असं बोलण्यात पकडू नकोस.

मुलगा : पकडत नाही. त्या दिवशी मीही आलो होतो, तुझ्या मागेच होतो, जिन्यात, औषधांची पिशवी घेऊन. तू म्हणालीस ते ऐकलं. तोही ऐकत होता वरच्या पायरीवरून. आणि मग चॅनलच्या बाई म्हणाल्या नातं बसवा, तेव्हा मलाही काही सुचेना. तुझा शब्द आठवला. तोच उचलला.

आई : म्हणजे मालिकेत ती मावशी मी घातली?

मुलगा : तसंच काहीसं.

बाबा : आणि आजारी याने पाडली.

आई : अहो, तुम्ही जरा गप्प बसता का? तुम्हाला सगळं केव्हाच कळलेलं असतं आणि तुम्ही मटार सोलत बसता. हेही केव्हाच कळलं होतं का?

बाबा : कुठलं?

आई : हेच. आपल्या घरातलं.

बाबा : मालिकेतलं कळलं ना, त्याच सुमारास हे कळलं. एकावरून दुसरं. आता कुठलं आधी, ते आठवत नाही.

मुलगा : बाबा, मग तुम्ही काही बोलला का नाहीत?

बाबा : काय बोलायचं असतं? मला ते ठाऊक नाही. एक सांगतो, ऐक. मला तो आवडतो. तुला ते दिसत असेल. या घरात गाड्यांच्या मार्गांचं माझं बोलणं शेवटच्या थांब्यापर्यंत ऐकणारा तो एकटा. तू लहानपणापासून मधेच झोपतोस. तुझी आई उठून जाते. तो विचारतो, मग त्या वळणावरची गाडी का बंद केली? म्हणून म्हणतो, राहू दे ना मावसभाऊ. कोणाचं काय बिघडतंय? मावसभावाला दार उघडता येतं. पानावर बसवता येतं. लोक विचारत नाहीत, मलाही काही विचारावं लागत नाही. दुसरं काही नाव घेतलंस, की मला बाप म्हणून काहीतरी म्हणावं लागेल. आणि ते काय, ते मला पाठ आहे. माझे वडील म्हणाले असते तेच. ते मला म्हणायचं नाहीये.

मुलगा : मग नका म्हणू.

बाबा : काहीच म्हटलं नाही तर मला मान्य आहे, असा अर्थ होतो.

मुलगा : आणि मान्य नाहीये?

बाबा : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी मटार सोलतोय. मला आज एवढंच जमतंय.

आई : मला तर तेही जमणार नाही. ए, तुला मागे ताप आला होता. आठवडाभर फोनवर घोगरा बोलत होतास आणि म्हणत होतास, काही नाही, थंड पाणी प्यायलो. तेव्हा कोण होतं जवळ?

मुलगा : तोच.

आई : त्याने काम बंद ठेवलं होतं?

मुलगा : हो. रेकॉर्डिंग दुसऱ्याला दिलं आणि घरी बसला.

आई : उशाशी?

मुलगा : उशाशी.

आई : मला का नाही कळवलंस? मी आले असते की.

मुलगा : म्हणूनच नाही कळवलं. तू आली असतीस तर तापात उठून मला एक पलंग कुठून तरी आणून मांडावा लागला असता.

आई : का? तुमच्या घरात... बरं. हं. बरं.

बाबा : पाणी पी.

आई : नको मला पाणी. मला जरा बसू दे. म्हणजे मी ज्या गोष्टीचा कधी विचारच केला नाही, ती माझ्या तोंडातून जिन्यात बाहेर पडली, ती याने लिहून काढली, दाढीवाल्याने बोलून दाखवली, आणि मग मीच ती रोज दुपारी बसून बघितली. आणि वर रडलेही. अहो, मला हसू येतंय का रडू येतंय ते कळत नाहीये.

मुलगा : आई, तो खाली बसलाय.

आई : कोण?

मुलगा : दाढीवाला. शिंपीणबाईंच्या दुकानासमोर, बाकावर.

आई : कधीपासून?

मुलगा : मी आल्यापासून.

आई : या उन्हात? आणि तू इथे बसून शाखा उघडतोयस माझ्याकडून?

मुलगा : तो म्हणाला, तू वर जा आणि विचारून ये, मी कोण म्हणून वर येऊ. मावसभाऊ म्हणून मी आता तो जिना चढणार नाही. काही उत्तर नसेल तर तसं सांग, मी निघतो. भांडणार नाही, पण परत येणार नाही.

बाबा : परत म्हणजे इथे? की तुझ्याकडेही?

मुलगा : ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. भीती वाटली.

बाबा : मग तू वर येऊन विचारलंस कुठे? मघापासून नुसतं वाक्य लांब झालं, आखूड झालं, तेच चाललंय तुझं.

मुलगा : मला वाटलं, मालिकेतून सांगावं. तिथून सोपं जाईल.

आई : सोपं? डोकं भणभणायला लागलंय माझं. आधी ते दोघं भाऊ नाहीत, मग मावशी नाही, मग शाखा नाही. सरळ येऊन सांगितलं असतंस तर एकदाच गोंधळले असते.

बाबा : पण काय म्हणायचं त्याला? तो खाली बसून शब्द मागतोय. मी जन्मभर गाड्यांना पाट्या लावल्या. पाटी नसेल तर माणसं विचारत बसतात, ही कुठली, ही कुठली, आणि गाडी अडून राहते. मला पाटी सांगा, मी लावतो. पण मला ती तोंडाने म्हणता आली पाहिजे.

आई : तुमच्या गाड्या राहू द्या बाजूला. ए, इकडे दाखव ते परत. अंगठीचं. तो मुळात काय म्हणतो तिथे? त्याच्या भाषेत?

मुलगा : मुळात? 'मी बॅग घेऊन तुझ्या दारात उभा होतो. किती दिवस राहणार, हे तू विचारलं नाहीस. नुसती बॅग घेतलीस हातातून.'

आई : बस? एवढंच?

मुलगा : एवढंच. मग अंगठी.

आई : लाव. मी म्हणते. दाढीवाला नाही तर मीच म्हणते डॉक्टरचं. थांब, चष्मा पुसू दे. हं, सोड. 'मी बॅग घेऊन तुझ्या दारात उभा होतो. किती दिवस राहणार, हे तू विचारलं नाहीस. नुसती बॅग घेतलीस हातातून.'

मुलगा : बघ, तोंडाबरोबर संपलं.

आई : हो. बरोबर बसलं. हे तू आधीच का नाही लिहिलंस?

मुलगा : लिहिलं होतं. त्यांनी खोडलं.

आई : मग परत लिही.

मुलगा : परत खोडतील. कदाचित पुढचं काम देणार नाहीत.

आई : ते त्यांना खोडू दे. तू तुझ्या हाताने नको खोडूस. मला नको ती शाखा. अहो, फोन वाजतोय. बघा कोण आहे.

बाबा : शिंपीणबाई.

मुलगा : आई, राहू दे. नंतर घे.

बाबा : घेऊ नकोस. तुला आत्ता काही सुचणार नाही.

आई : तेव्हा सुचलं नाही म्हणून तर एवढं सगळं झालं. द्या इकडे. हॅलो. हां, बोला शिंपीणबाई. हो, आलाय हा मघाशीच. कुठे, बाकावर? हो, माहितेय मला. नाही, भांडण नाही काही. नाही हो, ऐका ना. तो माझ्या बहिणीचा मुलगा नाहीये. नाही, दिराचाही नाही. मी तेव्हा खोटं सांगितलं तुम्हाला. का म्हणजे, सुचलं नाही. मग कोण? शिंपीणबाई, मला ते अजून नीट सांगता येत नाहीये. हा आणि तो, एकत्र असतात. म्हणजे घर एक आहे त्यांचं. माझ्या मुलाचा माणूस आहे तो. म्हणजे आमचाच धरा. हो. हो, तसंच. त्या बेकरीवाल्याचं आणि डॉक्टरचं आहे ना, तसंच. नाही, तेही भाऊ नाहीत. मला तरी कुठे माहीत होतं, आत्ता इथे बसून कळतंय. मावशीचं ऑपरेशन कसलं, मावशीच नाहीये. शिंपीणबाई? अहो, आहात ना?

बाबा : काय म्हणाल्या?

आई : काही नाही. ठेवला.

मुलगा : रागाने?

आई : कळलं नाही रे. शिलाई मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. मग ठेवला.

बाबा : आता संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीत होईल.

आई : होऊ दे. नाहीतर नाही होणार. मला काय माहीत? उद्या दुपारी बटणं घेऊन येतात का बघू. नाही आल्या तर मला वाईट वाटेल, ते आत्ताच सांगून ठेवते. चांगली बाई आहे. आणि तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. मला काही सगळं कळलं, पटलं, असं झालेलं नाहीये. मला अजून तो पलंगच कळत नाहीये. मी रात्री पडल्या पडल्या काय काय विचार करेन देव जाणे. पण तो उन्हात बसलाय.

मुलगा : आई...

आई : तू रडू नकोस आता. तू रडलास की मला काही सुचत नाही. सरक, मला खिडकीशी जाऊ दे.

मुलगा : काय म्हणून हाक मारणार आहेस?

आई : एरवी काय म्हणून मारते? ए दाढी! वर बघ. हां, मीच. वर ये, माझे थेंब राहिलेत कालपासून. काय? नाही, मावसभाऊ म्हणून नाही. तसं कुणी म्हणून नकोस येऊ. हो, सांगितलंय शिंपीणबाईंना. आता विचार त्यांनाच, समोरच आहेत. नको, त्यांना नको विचारूस, तू आधी वर ये.

मुलगा : उठला का?

आई : उठलाय. चेहरा वर करून बघतोय नुसता. पाय उचलत नाहीये. तू जा बरं खाली. पाण्याची बाटली रिकामी दिसतेय त्याच्या हातात, ती घे त्याच्याकडून.

मुलगा : जातो. लॅपटॉप बंद करू नका, ते वाक्य टाइप करायचंय मला.

आई : आहे तसंच ठेवते. जा.

बाबा : अगं.

आई : काय?

बाबा : मी काय म्हणू त्याला?

आई : नेहमी काय म्हणता?

बाबा : 'उशीर केलास' म्हणतो.

आई : मग तेच म्हणा.